दुकानाचे दार आणि शाळेचे दार

अमेरिकेचे नाव निघाले की वॉशिंग्टन व लिंकन यांच्यापलीकडे आमच्या वाचकांची स्मृती सहसा जात नाही. परंतु राष्ट्राचे शील केवळ त्याच्या अध्यक्षांवरून ओळखावे, हा न्याय अपुरा आहे. म्हणून कनेक्टिकट संस्थानातील कँटरबरी या लहानशा गावची एक हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

प्रुडन्स क्रँडल या बाईंनी १८३१ साली तेथे मुलींची शाळा काढिली. संभावित घरच्या मुली तीत येत व गाव बाईंची वाहवा करी. पुढील साली एका कृष्णवर्णीय शेतकऱ्याची मुलगी सेरा हॅरिस हिने शिक्षिका होण्याच्या इच्छेने प्रवेश मागितला व बाईंनी तो दिला. एवढ्यावरच गाव बिथरले! गोऱ्या मुली काढून नेण्याची धमकी येताच बाईंनी एप्रिल १८३३ पासून शाळा कृष्णवर्णीय मुलींसाठीच चालविली.

मग काय झाले? दुकानदारांनी माल विकण्याचे नाकारिले. विहिरीत घाण पडली. आणि मे महिन्यात विधिमंडळाने, बाहेरच्या संस्थानांतील कृष्णवर्णीयांसाठी गावाच्या संमतीवाचून शाळा चालविणे हा गुन्हा ठरविला. बाईंना एक रात्र तुरुंगात काढावी लागली. दुसऱ्या खटल्यात न्यायमूर्ती डॅगेट यांनी पंचांस सांगितले की, कृष्णवर्णीय हे नागरिकच नव्हेत. जुलै १८३४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने दोषनिर्णय फिरविला खरा, पण तो फिर्यादीतील तांत्रिक उणिवेवर. मूळ प्रश्नास त्याने हात घातला नाही. न्यायासनाने टाळलेल्या प्रश्नाचा निकाल पुढे जमावाने लाविला. ९ सप्टेंबरच्या रात्री शाळेच्या खिडक्या फुटल्या व शाळा बंद पडली.

कोणी म्हणेल, बिचाऱ्या दुकानदाराने गावाविरुद्ध कसे जावे? गिऱ्हाईक तुटेल, त्याचे काय? यास उत्तर न्यूयॉर्कचे रेशमाचे व्यापारी आर्थर टॅपन यांनी दिले आहे. दक्षिणेतील गिऱ्हाईक त्यांसही होते. तरीही बाईंच्या खटल्याचा खर्च त्यांनी उचलला व बाईंची बाजू मांडण्यास वृत्तपत्रही काढविले. व्यापार दोघांचाही होता. हिशेब मात्र निराळा.

तो कायदा १८३८ साली रद्द झाला. १८८६ साली त्याच संस्थानाने वृद्ध क्रँडलबाईंस सालीना ४०० डॉलरांचे वेतन बांधून दिले. एका अन्यायाची कबुली देण्यास अर्धशतक लागले!

जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सत्पुरुषांस अर्पण केला, तो उगाच नव्हे. पण अर्पणपत्रिकेने ऋण फिटत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळास २०१६ साली कायदा करावा लागला, यावरून रोग गेलेला नाही हे उघड आहे. कायदा बहिष्कार घालणारास शासन करील. परंतु बहिष्कृताच्या पदरात मापभर धान्य घालणे हे कायद्याचे नव्हे, दुकानदाराचे काम होय. आपल्या पेठेत तशी वेळ आली, तर आमचे व्यापारी बंधू कँटरबरीचा कित्ता गिरविणार की टॅपन यांचा?