पाळणाघरात बापाला प्रवेश आहे का?

आमच्या आयटीत 'वर्क-लाइफ बॅलन्स' म्हणजे काय, तर कॅरमबोर्ड, शुक्रवारचा पिझ्झा आणि महिला दिनाला गुलाब. नीट बघा मंडळी, यातली प्रत्येक सोय तुम्हाला ऑफिसातच जास्त वेळ बसवते! (गुलाब सोडून. त्याने काहीच होत नाही.)

खरी सोय दिली ती २०१७ च्या कायद्याने. बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन मुलांपर्यंत १२ वरून २६ आठवडे झाली. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं आणि आईला दिवसातून चारदा तिथे जायची मुभा मिळाली. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे कायम आहे. झकास!

पण यात बाप कुठाय? माणसं मोजताना तो पन्नासात धरतात, बाळाकडे जायच्या चार फेऱ्या मात्र फक्त आईच्या. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस रजा आहे. खाजगीतल्याला कायद्याने शून्य. कंपनीने दिली तर दिली.

आणि त्या २६ आठवड्यांचा पगार कोण देतं? ईएसआयची मर्यादा महिना २१,००० रुपये, म्हणजे आपल्यापैकी बहुतेक त्यात बसतच नाहीत. सगळा खर्च कंपनीच्या खिशातून. मग हिशेबी मॅनेजर मुलाखतीतच विचारतो, "लग्नाचं काय प्लॅनिंग?" उमेदवार मुलगी बाहेर गेल्यावर हे गणित मांडलेलं मी स्वतः पॅनेलवर बसून ऐकलंय. मी म्हटलं, "मग मलाही घ्यायला नको होतं, मला दोन मुलं आहेत." सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

"मुलं तुमची, भुर्दंड कंपनीला का?" असं विचारणारे भेटतात. बरं, मग रात्री साडेनऊचा अमेरिकेचा कॉल कोणाच्या घरात चालतो हो? त्या वेळी पोराला झोपवतं कोण?

स्वीडनमध्ये एका मुलामागे ४८० दिवस पगारी रजा आहे. त्यातले ९० दिवस एकेका पालकाचे राखीव, दुसऱ्याला देता येत नाहीत. आणि पैसे सामाजिक विम्यातून येतात, एकट्या मालकाकडून नाही. आपल्याकडे ४८० कोणी मागत नाहीये. पण बापाची रजा कायद्यात येऊ दे आणि खर्च सामायिक निधीतून होऊ दे. मग बघू, "लग्न कधी?" हा प्रश्न मुलग्यांनाही विचारतात का ते.

तोवर सोमवारी एचआरला एक साधी मेल टाका: आपलं पाळणाघर कुठे आहे, आणि बापाने मूल आणून ठेवलं तर चालेल का? उत्तर आलं तर मलाही कळवा.