व्हॅलेन्सियातील जागरणाच्या रात्री

स्पेन देशाचे नाव निघाले की गल्लीतून बैलांपुढे धावणारी माणसे डोळ्यांसमोर येतात. मुक्या जनावराच्या जिवावर चालणारा तो खेळ आम्हांला रुचत नाही. या आठवड्यात आम्ही तुम्हांला त्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हॅलेन्सिया शहरात नेणार आहोत. वस्ती सुमारे ८ लाख. तेथे दरवर्षी १५ ते १९ मार्च या दिवसांत ‘फायास’ नावाचा उत्सव होतो. तो होतो रस्त्यावर, आणि त्याची खरी गंमत रात्रीची.

हा उत्सव मूळचा सुतारांचा. जुनी माणसे सांगतात ती हकिकत अशी : हिवाळ्यात अंधार लवकर पडे, म्हणून सुतार लाकडी खांबावर दिवे टांगून काम करीत. मार्चमध्ये दिवस मोठा झाला की त्या खांबाचे काम संपे. १९ मार्च हा सुतारांच्या संत जोसेफचा दिवस. त्याच्या आदल्या रात्री तो खांब, ढलप्या, भुसा, मोडके सामान दारासमोर आणून पेटवून द्यायचे. पुढे कोणाला तरी गंमत सुचली. खांबाला जुना कोट चढवला, टोपी घातली, आणि तो गल्लीतल्या ओळखीच्या एखाद्या माणसासारखा दिसू लागला. थट्टेला तेथून सुरुवात झाली म्हणतात.

आज त्या खांबाच्या जागी काही मजले उंच पुतळ्यांचे देखावे उभे राहतात. शहरात अशी साडेतीनशेच्या वर मंडळे आहेत. मंत्री, बँकवाले, नट, फुटबॉलपटू, कोणालाही सोडत नाहीत. फ्रँकोच्या हुकूमशाहीत या देखाव्यांचे आराखडे आधी सरकारकडून तपासून घ्यावे लागत. पण टिंगल मेली नाही.

आता रात्र कशी असते ते सांगतो. रुसाफा नावाच्या भागात काही गल्ल्यांवर दिव्यांच्या अशा कमानी उभारतात की खाली उभ्या माणसाला आभाळ दिसत नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर तेलाच्या कढया. लाल भोपळ्याचा गर घातलेल्या पिठाची कडी हातानेच वळून तेलात सोडतात, वर साखर पेरतात आणि दाट गरम चॉकलेटमध्ये बुडवून खातात. गारठ्यात हे खाणे फार चांगले लागत असणार! भर रस्त्यात लाकडे पेटवून मोठमोठ्या पसरट कढयांत भात शिजतो. गावोगावचे वाजंत्री बँड येतात. मांडवात आजी-आजोबा नाचतात, आणि शेंबडी पोरे मोठ्यांच्या देखत फटाके फोडतात. या शहरात फटाका हा लहानपणाचा भागच समजतात.

आम्हांला विशेष वाटते ते पुढेच आहे. या रात्री कोणी कंपनी विकत नाही. प्रत्येक मंडळाची एक खोली असते, तिला ‘कसाल’ म्हणतात. सभासद वर्षभर वर्गणी भरतात, लॉटरीची तिकिटे खपवतात, एकत्र जेवतात, भांडतातही. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हॅलेन्सिया प्रांतात महापूर आला, २२० च्या वर माणसे गेली. तेव्हा उत्सवाच्या याच खोल्यांतून अन्न, कपडे, फावडी, झाडू पूरग्रस्तांसाठी गोळा झाले. नाचण्यासाठी जमलेली माणसे चिखल काढायलाही जमली. पुढच्या मार्चमध्ये उत्सव झाला, आणि व्हायलाच हवा होता, असे आमचे मत आहे.

१८ तारखेच्या रात्री मोठी आतषबाजी होते. ती पाहायला लोक जमतात त्या जुन्या नदीपात्राचीही एक गोष्ट आहे. ऑक्टोबर १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदी शहराबाहेरून वळवली. कोरड्या पात्रातून मोटारींचा हमरस्ता काढायचा सरकारचा बेत होता. नागरिकांनी ओरड केली, आम्हांला येथे झाडे हवीत म्हणून सांगितले, आणि शेवटी तेथे कित्येक किलोमीटर लांब बाग झाली.

सगळेच गोड आहे असे मात्र नाही. मांडवातला कर्णा पहाटेपर्यंत चालतो आणि सकाळी आठला फटाके उडवत मंडळाची माणसे गल्ली उठवायला निघतात. ज्याला पहाटेच्या पाळीला जायचे, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याने काय करावे? तक्रारी दरवर्षी होतात, नगरपालिका वेळा ठरवून देते, वाद मिटत नाही. आम्ही झोपणाऱ्याच्या बाजूचे आहोत. दुसरे दुखणे धुराचे. पूर्वी लाकूड, पुठ्ठा, मेण जळत असे, आता बहुतेक पुतळे थर्मोकोलचे. काळा धूर घरात शिरतो. काही कारागीर पुन्हा लाकडी पट्ट्यांकडे वळले आहेत, ते बरे झाले.

१९ च्या रात्री सगळे जाळतात. आधी मुलांचे छोटे देखावे, मग मोठे, शेवटी नगरपालिकेच्या चौकातला. लोकांच्या मतांनी निवडलेली बाहुली तेवढी वाचते. ही पद्धत १९३४ पासूनची, आणि अशा बाहुल्यांचे तेथे संग्रहालय आहे. २०२० साली करोनामुळे उत्सव थांबला तेव्हा चौकात ध्यानाला बसलेल्या स्त्रीचा भव्य पुतळा उभा राहत होता. तिच्या तोंडावर मुखपट्टी बांधली गेली. तिचा चेहरा जपून ठेवला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये उत्सव झाला तेव्हा तिला निरोप दिला.

आग लावताना अग्निशामक दलाचे जवान शेजारच्या भिंतींवर पाण्याचा मारा करीत उभे असतात. गल्ल्या अरुंद, वर माणसांनी भरलेल्या गॅलऱ्या. वर्षभर पैसे साठवणारी बाई आपला देखावा जळताना पाहून रडते आणि लगेच शेजारणीला मिठी मारते. गर्दी पांगते तेव्हा नगरपालिकेचे सफाई कामगार येतात. राख, काळा चिखल, फटाक्यांचे कागद, बाटल्यांच्या काचा. उजाडल्यावर मुले शाळेला निघतात, तोवर बहुतेक रस्ते झाडून, धुऊन झालेले असतात.