आधी वह्या, मग दुरुस्ती

दीपावलीच्या वहीपूजनास आपल्या पेढ्यांवर आता वह्यांशेजारी संगणकही मांडला जातो. त्यालाही कुंकू लागते, त्यावरही फूल वाहिले जाते. यात वावगे काहीच नाही. रोजमेळ आणि खतावणी ज्या वस्तूत नांदतात ती वस्तू वहीच होय. परंतु लाल कापडी बांधणीची वही फडताळाच्या कोणत्या खणात आहे, हे ज्या मालकास अंधारातही सांगता येत असे, त्याच मालकास आज विचारावे की, "आपली खतावणी या यंत्रात नेमकी कोठे आहे?" तर तो मुलाकडे पाहतो, मुलगा दिवाणजींकडे पाहतो, आणि दिवाणजी संगणक दुरुस्त करणाऱ्याचा फोन नंबर शोधू लागतात. या एका गोष्टीविषयी आमच्या व्यापारी बांधवांशी दोन शब्द स्पष्टपणे बोलावेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

विषय काढण्यास निमित्तही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीस मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून नियमितपणे व विनामूल्य मिळणारी सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली. आपल्या कित्येक दुकानांतील यंत्रे याच प्रणालीवर चालत आलेली आहेत. कोणी विंडोज ११ घेत आहे. कोणाचे यंत्र त्या प्रणालीच्या अटींत बसत नाही म्हणून तो नवे यंत्र आणत आहे. तर कोणाचे यंत्र नुसतेच मंदावले म्हणून 'नव्याने विंडोज टाकून द्या' असे सांगत आहे. प्रसंग कोणताही असो, त्यात धोका एकच. प्रणाली नवी होते आणि तिच्याबरोबर आपले कागदही धुऊन जातात.

आम्ही हे ऐकीव सांगत नाही. २०१९ च्या ऑगस्टात बेळगावास जो पाऊस झाला, त्यात आमच्या वखारीत पाणी शिरले आणि आजोबांच्या हातच्या मोडी वह्या भिजल्या. पाने एकमेकांस चिकटण्यापूर्वी आमच्या पुतण्याने तीन रात्री जागून सुमारे चारशे पानांची छायाचित्रे काढली. वह्या पुढे कुजल्या, त्या टाकाव्या लागल्या. परंतु छायाचित्रे आहेत, या समाधानात आम्ही राहिलो. २०२१ साली पेढीवरील यंत्र फार मंद झाले. दुरुस्तीस आलेल्या तरुणाने रीतीप्रमाणे विचारले, "काका, महत्त्वाचे काही आहे का?" आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने उत्तरलो, "सगळे डी मध्ये आहे." तो म्हणाला, "मग सी ला फॉरमॅट मारतो." अर्ध्या तासात यंत्र लख्ख झाले. हिशेबाची माहिती डी मध्ये होती, ती वाचली. परंतु आजोबांच्या वह्यांची छायाचित्रे डेस्कटॉपवर ठेवलेली होती, आणि डेस्कटॉप हा सी चाच एक भाग असतो, हे आम्हांस ठाऊक नव्हते. परत मिळवण्याची खटपट केली. पण यंत्रात जुन्या फिरत्या तबकडीची हार्डडिस्क नसून एसएसडी होती. अशा साठवणीत पुसलेली जागा यंत्र स्वतःहून मोकळी करून टाकते. त्यामुळे तेथून गेलेले सहसा परत येत नाही. त्या तरुणास आम्ही दोष देत नाही. त्याने विचारले होते. चुकीचे उत्तर आम्ही दिले होते.

येथेच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. प्रणाली म्हणजे दुकानाची इमारत. फायली म्हणजे वह्या. इमारतीचे छत बदलायचे असेल तर गवंडी बोलवावा, हे खरे; परंतु छत काढण्यापूर्वी वह्या बाहेर काढणे हे गवंड्याचे काम नव्हे, मालकाचे होय. कोणती वही कोठे आहे हे गवंड्यास ठाऊक असण्याचे कारणच नाही.

आता कोणी म्हणेल की, हल्ली फायली न घालवता प्रणाली नव्याने बसवण्याची सोय यंत्रातच आहे. होय, आहे, आणि ती चांगली आहे. विंडोज १० व ११ मध्ये 'रीसेट'ची जी सोय आहे, ती आरंभीच दोन मार्ग पुढे ठेवते. 'माझ्या फायली ठेवा' हा एक आणि 'सर्व काढून टाका' हा दुसरा. पहिला निवडला तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, छायाचित्रे अशा नेहमीच्या कप्प्यांतील फायली जागच्या जागी राहतात. विंडोज १० वरून ११ वर रीतसर श्रेणीवाढ केली, तर फायलींबरोबर बसवलेले प्रोग्रामही राखता येतात. याच कारणास्तव दुरुस्ती करणाऱ्याने 'फॉरमॅट मारू' म्हणताच होकार न देता, या मार्गाने काम भागेल काय, हे प्रथम विचारावे. दुसरा मार्गच आवश्यक ठरला, तर केवळ विंडोजचा कप्पा पुसायचा की सर्वच कप्पे, हा प्रश्नही यंत्र विचारते. त्या पडद्यापाशी मालकाने स्वतः उभे राहावे.

तथापि 'फायली ठेवा' या शब्दांत सर्व काही येते, असा समज करून घेणे घातक आहे. रीसेटमध्ये आपण बसवलेले प्रोग्राम निघून जातात. हिशेबाचा प्रोग्राम, छपाईयंत्राची जोडणी, डिजिटल सहीच्या टोकनास लागणारा प्रोग्राम, हे सर्व पुन्हा बसवावे लागते. सही टोकनातच असते, ती जात नाही; परंतु विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी ती यंत्रास ओळखू आली नाही, तर ती असून नसल्यासारखीच. काही प्रोग्राम आपली माहिती नजरेआड असलेल्या कप्प्यांत ठेवतात. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड तेथेच असतात. जुन्या ई-मेलच्या फायलीही कधी कधी तेथेच असतात. हे कप्पे 'माझ्या फायलीं'त मोडत नाहीत.

आपल्या सीमाभागास लागू असलेली आणखी एक गोष्ट. आपली मराठी पत्रे पुष्कळ वर्षे श्रीलिपीसारख्या फॉण्टांत टंकली गेली आणि सरकारी कचेऱ्यांस पाठवायची कन्नड पत्रे नुडीत. युनिकोडपूर्व पद्धतीच्या अशा फायली प्रणाली बदलल्यावर शाबूत राहतात. पण फॉण्ट नाहीसा झाल्यामुळे उघडल्यावर नुसती रोमन अक्षरांची रांगोळी दिसते. पत्र गेले, असे समजून एखाद्याने ते पुसून टाकले म्हणजे मग ते खरोखरच गेले. म्हणून फॉण्टांची प्रतही आधी काढून ठेवावी.

'आमचे सगळे क्लाउडवर आहे,' असे सांगणारे बांधवही भेटतात. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, दोन्ही ठिकाणी सारखेपणा राखणे हे त्या सोयीचे मुख्य काम होय. आपण यंत्रावर एखादी फाईल पुसली तर ती तेथूनही पुसली जाते, आणि टोपलीतली मुदत संपली की परत मागता येत नाही. शिवाय ज्या खात्यात ती साठवण आहे, त्याचा पासवर्ड सोडून गेलेल्या नोकराकडे असेल, तर आपली तिजोरी दुसऱ्याच्या किल्लीची झाली. 'डी मध्ये आहे' या उत्तराचा फोलपणा तर आम्ही अनुभवलाच आहे. सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन खण असतात. डिस्क बिघडली की दोन्ही एकदमच जातात.

मग करावे काय? कामाच्या आदल्या दिवशी एक कोरा कागद घ्यावा आणि आपल्या यंत्रात काय काय आहे याची यादी करावी. हिशेब, उधारीची यादी, मालाची यादी, कराची विवरणपत्रे, करारनामे, घरची छायाचित्रे, ई-मेल, पासवर्ड, फॉण्ट, एवढे सारे लिहावे. टॅलीप्राइममध्ये कंपनी निवडण्याच्या पडद्यावरच माहितीचा मार्ग लिहिलेला असतो, तो उतरवून घ्यावा. आणि त्या प्रोग्रामची स्वतःची बॅकअप घेण्याची आज्ञा आहे, ती वापरावी. परवाना पुन्हा चालू करण्यासाठी सीरियल क्रमांक आणि नोंदवलेला ई-मेल पत्ता हाताशी असावा.

यानंतर दोन प्रती कराव्यात. एक बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि दुसरी पेढीपासून दूर, घरी किंवा नात्यातल्या कोणाकडे. ज्या पावसाने आमची वखार भिजली, त्याच पावसात पेढीवरची हार्डडिस्कही भिजली असती. प्रत केली म्हणजे काम झाले असे नव्हे. ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. खतावणीतील एखाद्या आसामीची बाकी काढून ती आपल्या स्मरणातील आकड्याशी जुळते काय, हे तपासावे. न उघडलेली प्रत ही न मोजलेल्या थैलीसारखी. काम सुरू होण्यापूर्वी ती डिस्क यंत्रापासून काढून कपाटात ठेवावी. घाईत चुकीची डिस्क पुसली गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

नव्या यंत्रांविषयी एक विशेष सूचना. पुष्कळ नव्या यंत्रांत साठवण आपोआप कुलूपबंद केलेली असते. त्या कुलपाची ४८ अंकी किल्ली असते, आणि यंत्राच्या अंतर्भागात काही फेरबदल झाला की यंत्र ती मागते. ती न मिळाल्यास फायली डिस्कवर असूनही वाचता येत नाहीत. ही किल्ली शोधून, कागदावर उतरवून, दस्तऐवजांच्या पेटीत ठेवावी.

एवढ्या खटाटोपास वेळ कोठला, असे विचारणाऱ्यास आमचे उत्तर असे की, यास एक संध्याकाळ लागते. उलटपक्षी वस्तू व सेवा कराच्या कायद्यान्वये आपले हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपणे बंधनकारक आहे. 'यंत्र नव्याने केले, त्यात गेले' हे उत्तर अधिकाऱ्यापुढे टिकणारे नाही. ज्या आसामीकडे आपली बाकी आहे, तिच्यापुढे तर मुळीच टिकणारे नाही.

आमच्या संघास आमची एक नम्र सूचना आहे. दरवर्षी दीपावलीपूर्वीचा एक रविवार या कामासाठी मुक्रर करावा. संगणकाची माहिती असलेल्या आपल्या तरुण सभासदांनी त्या दिवशी वडीलधाऱ्यांच्या पेढ्यांवर जावे, शेजारी बसून यादी करून द्यावी, प्रती काढाव्यात आणि त्या उघडून दाखवाव्यात. आपली खतावणी कोठे आहे, हे शिकून घेण्यात वडीलधाऱ्यांनी कमीपणा मानू नये. आणि 'काका, तुम्हांला नाही समजणार' हे वाक्य तरुणांनी त्या एका दिवसापुरते तरी उच्चारू नये.

आमच्या आजोबांच्या वह्यांत कोणाचे काय येणे होते, हे आता कोणासही सांगता येणार नाही. ती येणी केव्हाच बुडाली. त्यांचे दुःख नाही. परंतु त्यांचे अक्षर गेले. पुतण्याच्या फोनवर त्या चारशेंपैकी सात पाने कशीबशी राहून गेली होती. त्या सात पानांच्या आता तीन प्रती आहेत, त्यांतील एक कागदावर छापलेली. आणि येत्या वहीपूजनास ती संगणकाशेजारी मांडण्याचे आम्ही ठरवले आहे.