खोट ओतकामात, ठपका कामगारावर

कारखान्यात माल खराब निघाला, की पहिला प्रश्न येतो, 'कोणी केला?' 'कशामुळे झाला?' हा प्रश्न त्यानंतर येतो आणि पुष्कळदा येतच नाही. एका कामगाराच्या हातात मेमो पडला, त्याच्या पगारातून वसुली झाली, की चौकशी संपली असे समजण्यात येते. पण खोट तशीच राहते आणि पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या नावावर पुन्हा निघते. ही पद्धत कामगारावर अन्याय करणारी तर आहेच, शिवाय ती अशास्त्रीय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ओतकामाचा धंदा पाहिला तर ते चटकन पटते.

जयपूरच्या शास्त्री नगरात बसून आम्ही हे लिहीत आहोत. जवळच झोटवाडा आणि त्यापुढे विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र आहे. लहानमोठ्या ओतशाळा या भागात आहेत, तशाच त्या आपल्याकडे कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि शिरोलीत आहेत. रेल्वे आणि टपाल कामगारांना यात काय रस, असे कोणी विचारील. मालडब्याच्या कॅसनब बोगीच्या बाजूच्या चौकटी आणि बोल्स्टर ओतीव पोलादाचे असतात. सेंटर बफर कपलरचा नकल ओतीव असतो. काट्यातले मँगनीज पोलादाचे क्रॉसिंगही ओतीवच. पोस्टातली जुनी लाल पेटी आणि काउंटरवरची जुनी वजने बिडाची. ओतलेल्या धातूवर आपली नोकरी चालते आणि गँगमनपासून गार्डापर्यंत अनेकांचा जीवही त्यावर अवलंबून असतो.

आमेरच्या वरच्या डोंगरावर जयगड आहे. तेथे तोफा ओतण्याच्या कारखान्याचे अवशेष आजही पाहायला मिळतात. सवाई जयसिंहाच्या काळात, 1720 मध्ये ओतलेली सुमारे 50 टनांची जयबाण तोफ तेथेच आहे. आपल्या मुलखातही ही विद्या होती. विजापूरच्या बुरुजावरची मुलुखमैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ओतली गेली. तोफेच्या अंगात पोकळी राहिली आणि ती फुटली, तर शत्रूच्या आधी बत्ती देणारा गोलंदाज मरतो. म्हणून तोफ आधी चाचणीची बार काढून पारखत आणि मगच माणसाच्या हाती देत. खोट आत असते, डोळ्यांना दिसत नाही, हे त्या ओताऱ्यांना ठाऊक होते. धातू पारखण्याची जबाबदारी ओतवून घेणाऱ्याची होती. गोलंदाजाची नव्हती.

आता खोटी कोणत्या आणि त्या येतात कोठून, ते पाहू. ओतकामातली सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे ब्लो होल, म्हणजे आत कोंडलेल्या वायूची पोकळी. बिडाचा रस साधारण 1350 ते 1400 अंश सेल्सिअसला साच्यात जातो. साच्याच्या रेतीत पाणी जास्त असेल, तर त्याची जागीच वाफ होते आणि वाफ होताना पाण्याचे आकारमान सुमारे 1,700 पट वाढते. रेती फार बारीक असेल, फार घट्ट ठोकली असेल किंवा कोअर नीट भाजलेला नसेल, तर ही वाफ बाहेर जायला वाट मिळत नाही आणि ती धातूतच अडकते. दुसरी तक्रार आकसण्याची. पोलाद गोठताना शेकडा सुमारे 3 आकसते. ती तूट भरून काढायला रायझरमध्ये पुरेसा गरम रस हवा. रायझर लहान किंवा चुकीच्या जागी असेल, तर जाड भागात पोकळी पडते. दोन्ही पोकळ्या वरवर सारख्या वाटतात, पण कापून पाहिल्या की फरक कळतो. वायूची पोकळी गोल आणि आतून गुळगुळीत असते, तर आकसण्याची वेडीवाकडी आणि खरबरीत असते. रस थंड असेल किंवा ओतताना धार तुटली असेल, तर दोन प्रवाह एकजीव होत नाहीत आणि जोडावर रेघ राहते. त्याला कोल्ड शट म्हणतात. साच्याचे वरचे आणि खालचे अंग सरकलेले निघाले, तर मोल्डरचा हात हलला असे मुकादम म्हणतो. पण पेट्यांच्या पिना आणि बुश झिजून ढिल्या झाल्या असतील, तर कितीही स्थिर हात असला तरी अंग सरकणारच.

मूळ कारण शोधण्याची एक साधी रीत आहे आणि तिला लागते फक्त एक वही. खराब नगांची नोंद फर्मा, घाण, पाळी आणि खोटीची जागा यांप्रमाणे ठेवायची. प्रत्येक नगात एकाच जागी पोकळी येत असेल, तर दोष फर्म्यात किंवा रस आत नेण्याच्या वाटांत आहे आणि त्या आखणाऱ्याला विचारावे. एका घाणीचे सगळेच नग खराब असतील, तर भंगार, रसाची मिसळ किंवा भट्टी तपासावी. सर्व पाळ्यांत, सर्वांच्या हातून ब्लो होल येत असतील, तर रेती पाहावी. एकाच माणसाच्या, एकाच पाळीच्या नगांत खोट येत असेल, तरच हाताकडे बोट दाखवता येईल. तेव्हाही त्याला शिकवले कोणी, त्याची पाळी किती तासांची होती, हे विचारावे लागेल.

एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. नग खराब का झाला? ब्लो होल आले. ते का आले? रेती ओली होती. ओली का होती? पाणी अंदाजाने नळीने घातले. अंदाजाने का? ओलावा मोजण्याचे यंत्र बंद होते. बंद का होते? दुरुस्तीचा कागद मंजुरीविना पडून होता. पहिल्याच 'का'वर थांबलो तर मेमो मोल्डरला जातो. पाचव्या 'का'पर्यंत गेलो, तर तो कागद अडवणाऱ्या टेबलापर्यंत पोहोचतो. बहुतेक चौकशा पहिल्या पायरीवर का थांबतात, हे आता वेगळे सांगायला नको. अनेक लहान ओतशाळांत तर मोल्डरला चांगल्या नगाचेच पैसे मिळतात. म्हणजे रेती मालकाची, भंगार मालकाचे, फर्मा मालकाचा आणि रिजेक्शन मात्र कामगाराचे!

रेल्वेत याचेच दुसरे रूप दिसते. चढावर मालगाडीचा नकल तुटतो, गाडीचे दोन भाग होतात आणि पहिला प्रश्न लोको पायलटला विचारला जातो, 'झटका का दिला?' खरे उत्तर तुटलेल्या तोंडावरच लिहिलेले असते. जुना तडा काळपट किंवा गंजलेला दिसतो, ताजा तडा चकचकीत असतो. जुना भाग मोठा असेल, तर तो नकल त्या दिवसाच्या कितीतरी आधीपासून तुटत आला होता आणि त्या दिवशी फक्त उरलासुरला भाग सुटला. म्हणून नकल तुटला की त्याचे दोन्ही तुकडे जपून ठेवावेत आणि संयुक्त तपासणीत जुन्या तड्याचे प्रमाण लिहून घ्यावे. कॅरेज-वॅगनच्या बंधूंनी एवढी दक्षता घेतली, तर अनेक एसएफ-11 जागच्या जागी विरतील.

हा केवळ युनियनचा युक्तिवाद नाही. जपानच्या कावोरू इशिकावा यांनी कारणांची मांडणी माशाच्या सांगाड्यासारखी करायला शिकवले. माणूस, यंत्र, माल आणि पद्धत ही त्यातली मुख्य हाडे. आपल्याकडे सांगाड्याचे चित्र भिंतीवर लागते आणि चौकशीत हाड एकच उरते, माणूस! अमेरिकेचे डॉ. डेमिंग व्यवस्थापनाला शिकवीत असत. उणिवांपैकी शेकडा 94 व्यवस्थेच्या असतात आणि व्यवस्था ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे, असा अंदाज त्यांनी 1986 च्या आपल्या ग्रंथात मांडला.

माणसावर थांबलेल्या चौकशीची किंमत काय असते, हे आपण अलीकडेच पाहिले. 17 जून 2024 रोजी रंगापाणीजवळ कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून मालगाडीने धडक दिली. मालगाडीच्या लोको पायलटने सिग्नल मानला नाही, असे त्याच दिवशी वरून सांगण्यात आले. उत्तर द्यायला तो जिवंत नव्हता. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालाने स्वयंचलित सिग्नल बंद असताना गाड्या चालवण्यातल्या अनेक पातळ्यांवरच्या त्रुटी दाखवल्या. दिलेल्या परवान्यात वेगमर्यादाच लिहिलेली नव्हती. टपाल बंधूंसाठी उदाहरण ब्रिटनचे आहे. तेथील पोस्टाच्या होरायझन संगणक प्रणालीच्या दोषांमुळे हिशेबात तूट दिसे आणि ती चोरी मानून 900 हून अधिक उप-पोस्टमास्तरांना दोषी ठरवण्यात आले. काही तुरुंगात गेले, कित्येकांचे संसार उद्ध्वस्त झाले. या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा यायला 2024 साल उजाडले. खोट यंत्रणेत होती आणि ती माणसात शोधण्यात वीस वर्षांहून अधिक काळ गेला.

कामगार कधी चुकतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. धार मध्येच तोडणारा, अंदाजाने ठोकणारा, तपासणी न करता सही ठोकणारा माणूस आपल्यातही असतो आणि त्याला आपणच टोकले पाहिजे. पण हाताची चूक ही सिद्ध करायची गोष्ट आहे, गृहीत धरायची नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. मालाच्या किंवा यंत्रणेच्या दोषाची चौकशी पूर्ण होईपर्यंत कामगारावर दंड किंवा वसुली होऊ नये. चौकशी समितीत त्या कामाचा अनुभवी कामगार असावा. मोडलेला भाग, घाणीचा क्रमांक आणि तपासणीचे कागद कामगाराच्या प्रतिनिधीला दाखवावेत. पुरवठादाराच्या मालात खोट सिद्ध झाली, तर नुकसान त्याच्याकडून वसूल करावे. आणि मूळ कारण दूर झाल्याशिवाय प्रकरण बंद करू नये.

सभासदांनी आपल्यापुरते एवढे करावे. हाती मेमो आला की रागाच्या भरात एका ओळीचे उत्तर लिहून देऊ नये. शाखेत यावे, नोंदी काढाव्यात, 'का' विचारावे आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारावे.