‘टेन्शन घेऊ नकोस’ हे प्रशिक्षण नव्हे



शालेय किंवा विभागीय स्पर्धेत एखाद्या संघाने हातातला सामना घालवला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीतले वाक्य ठरलेले असते: ‘मोक्याच्या क्षणी संघ दडपणाखाली ढेपाळला.’ प्रशिक्षकही तेच सांगतात, पालकही तेच. दडपण म्हणजे जणू अवकाळी पाऊस. आला, उभे पीक झोपवून गेला, कोणाचा काय इलाज? माझा आक्षेप नेमका इथे आहे. पोरांना चढाई शिकवली, पकड शिकवली, मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. दडपणात डोके कसे वापरायचे, हे कोणी कधी शिकवले? रेषेबाहेरून ‘टेन्शन घेऊ नकोस’ असे ओरडणे म्हणजे शिकवणे नव्हे.

नेमबाज अभिनव बिंद्राचे उदाहरण सगळेच देतात, पण अर्धे. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये शेवटच्या गोळीआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हाक्किनेन बरोबरीत होते. बिंद्राने १०.८ गुण मारले, हाक्किनेनने ९.७. झाले, ‘जन्मजात थंड डोक्याचा माणूस’ म्हणून आपण मोकळे. पण हाच बिंद्रा चार वर्षे आधी अथेन्सला तिसऱ्या क्रमांकाने अंतिम फेरीत पोहोचून सातव्या स्थानावर घसरला होता. मधल्या काळात त्याने शरीरातला ताण यंत्राच्या पडद्यावर पाहत सैल करण्याचा सराव केला, स्पर्धेच्या रेंजसारखे वातावरण उभे करून त्यात नेम धरला, भीतीशी ओळख व्हावी म्हणून जर्मनीत उंच खांबावर चढण्याचे धडेही घेतले. थंड डोके त्याने कमावले. ते जन्माने मिळत असते तर एवढा खटाटोप कशाला?

इतका पैसा आणि इतकी यंत्रे गावच्या मंडळाकडे कुठून येणार, असे कोणी म्हणेल. त्याची गरजच नाही. मी आयुष्यभर कबड्डीच्या मैदानावर राहिलो, म्हणून तिथलेच सांगतो. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’. तीस सेकंदांत गुण आणा, नाहीतर बाहेर बसा. सरावात मात्र ही चढाई पोरे ताजीतवानी असताना, हसत-खिदळत होते. ती सरावाच्या अगदी शेवटी, पाय जड झाल्यावर घ्यावी. फळ्यावर गुण लिहावेत, एकाने पिछाडी, चाळीस सेकंद बाकी. बाकीच्यांनी कडेला उभे राहून हवा तेवढा गोंगाट करावा. चढाईपटूने मध्यरेषेपाशी थांबून आपला ठरलेला क्रम करायचा: हाताला माती लावायची, एक लांब श्वास सोडायचा, कोणत्या कोपऱ्यावर जायचे ते मनात एकदाच ठरवायचे आणि निघायचे. क्रम रोज तोच, सामन्यातही तोच. छाती धडधडत असते तेव्हा मनाला धरायला काहीतरी ओळखीचे लागते, ते हा क्रम देतो. आपल्या खेळात तर ‘कबड्डी कबड्डी’चा दम आहे. श्वासावर ताबा हा आपल्याकडे नियमातच लिहिलेला आहे, आणि तरी श्वास शिकवायला आपण बाहेरचे व्याख्याते बोलावतो!

दुसरी गोष्ट सूचनांची. ‘चूक करू नकोस’, ‘बोनसच्या नादाला लागू नकोस’ असे बजावले की पोराचे सगळे लक्ष त्या चुकीवरच जाऊन बसते. ‘डावा कोपरा बघ’, ‘खांदा सैल सोड’, ‘पाय मागे ठेव’ असे काय करायचे ते सांगितले तर हाताला काम मिळते. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण बहुतेक प्रशिक्षकांची एका सामन्यातली आरडाओरड कोणी मोबाइलवर टिपून ठेवली तर ‘नको’ किती वेळा येते ते कळेल.

हे सगळे महाराष्ट्राला नवे आहे असेही नाही. पोलीस सेवेतून निवृत्त झालेले नाशिकचे भीष्मराज बाम यांनी योगाच्या आधाराने नेमबाज अंजली भागवत, धावपटू कविता राऊत अशा खेळाडूंबरोबर हेच काम केले आणि ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे पुस्तकही मराठीत लिहून ठेवले. २०१७ मध्ये ते गेले. त्यांच्या पद्धती तालुक्याच्या मैदानापर्यंत नेणारी व्यवस्था आपण उभी केली नाही, ही खंत आहे. बीपीएडच्या अभ्यासक्रमात क्रीडा मानसशास्त्राचा विषय असतो. आमच्यासारख्यांनी तो पाठ केला, पेपर लिहिला आणि वह्या रद्दीत घातल्या.

एक धोका मात्र मान्य करायला हवा. ‘मानसिकता कमी पडली’ ही संघटनांना मिळालेली सोयीची पळवाट आहे. नेमबाजाला सरावाला पुरेशा गोळ्या नाहीत, कुस्तीगिराला मॅट नाही, मुलींच्या संघाला कपडे बदलायला आडोसा नाही, आणि हरल्यावर दोष त्यांच्या मनाचा? कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य घेतले, त्यामागे कित्येक वर्षांचा रायफलचा सराव होता. तंत्र पक्के नसेल तर श्वासाचे व्यायाम काही कामाचे नाहीत. आणि खेळाडूची झोप उडाली असेल, खेळच नकोसा झाला असेल, तर तिथे प्रशिक्षकाने शहाणपणा न करता डॉक्टरांकडे पाठवावे. टोकियोत माघार घेतलेल्या जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदके जिंकली. त्या माघारीला भित्रेपणा म्हणणारे तेव्हा आपल्याकडेही कमी नव्हते.

खेळाबाहेरही याचा उपयोग आहे. दहावीच्या वर्गात प्रश्नपत्रिका हातात पडताच ज्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते तो मुलगा आणि तिसऱ्या चढाईला पाय लटपटणारा मुलगा यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. परीक्षा मंडळाने पेपर वाचायला आधी मिळणारी दहा मिनिटे बंद केली, तेव्हा पालकांनी केवढा गदारोळ केला; मग ती शेवटी दिली गेली. पण पहिल्या मिनिटात काय करायचे, म्हणजे पेन खाली ठेवायचे, श्वास सोडायचा, येणाऱ्या प्रश्नावर खूण करायची, हे सराव परीक्षेत किती शाळा घडवून घेतात? क्रीडा गुणांसाठी प्रमाणपत्रे गोळा करण्यात जी धावपळ होते, तिच्या निम्मी इकडे झाली तरी पुष्कळ.

माझी मागणी मोठी नाही. क्रीडा प्रबोधिनीपासून तालुका केंद्रापर्यंत सरावाच्या वेळापत्रकात रोज पंधरा मिनिटे या कामासाठी लिहून ठेवावीत आणि ती त्याच प्रशिक्षकाने, मैदानावरच घ्यावीत. प्रशिक्षकांच्या उजळणी शिबिरात त्याची प्रात्यक्षिक परीक्षा असावी, लेखी नको. आणि राज्य स्पर्धेच्या आदल्या रात्री पोरांना सभागृहात बसवून दीड तासाचे प्रेरणादायी भाषण ऐकवायची जी प्रथा पडली आहे, ती तेवढी बंद करून त्यांना वेळेवर झोपू द्यावे.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली