साठी झाली, नोंद संपली. काम मात्र सुरूच

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला (२०१९-२१) एक आकडा आपल्याकडे फारसा चर्चेला आलेला नाही. धर्मनिहाय जननदर पाहिला तर मोठ्या धर्मसमूहांमध्ये सर्वांत खाली बौद्ध आहेत : १.३९. त्याआधीच्या फेरीत हाच दर १.७४ होता. हिंदूंचा आता १.९४ आहे, मुस्लिमांचा २.३६. लोकसंख्या आहे तेवढी राहायची तर साधारण २.१ लागतो.

आपल्या मुली शिकल्या, त्यांची लग्ने उशिरा होऊ लागली, एका-दोन लेकरांवर घरे थांबली. ही चळवळीचीच कमाई आहे आणि तिच्याबद्दल वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. लोकसंख्येच्या नावाने गळा काढणाऱ्यांना हा आकडा तोंडावर सांगता येतो, एवढाही त्याचा उपयोग आहे. पण त्याचा दुसरा अर्थही समजून घेतला पाहिजे. येत्या वीस-पंचवीस वर्षांत आपला समाज इतरांच्या आधी म्हातारा होणार आहे. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाख बौद्ध होते, त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. म्हणजे म्हातारपणी कोण काम करणार, किती दिवस आणि कशाच्या भरवशावर, हा प्रश्न दिल्लीइतकाच मुंबईच्या मंत्रालयातला आहे.

‘ज्येष्ठांचा रोजगार’ म्हटले की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत बँकेतून निवृत्त झालेले साहेब दिसतात. दुसरी इनिंग, सल्लागाराचे काम, मोकळ्या वेळेचा सदुपयोग. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये साठीपुढच्यांना नोकरी मिळावी म्हणून ‘सेक्रेड’ नावाचे पोर्टल काढले. त्यात शिक्षण, अनुभव, कौशल्य भरायचे असते. जिने तीस वर्षे चार घरची धुणीभांडी केली तिने अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचे?

आपल्या वस्त्यांमधले म्हातारे लोक काय काम करतात हे वाचकांना वेगळे सांगायला नको. सोसायटीच्या गेटवर बारा तासांची रात्रपाळी, कंत्राटी झाडलोट, भंगार-कचरा वेचणे, घरकाम, मजूर अड्ड्यावर उभे राहणे, गावाकडे निंदणी-खुरपणी. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीत (२०१७-१८) देशातल्या साठीपुढच्या लोकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जण काम करताना आढळले. यातले बहुतेक पोटासाठी करतात. वस्तीत सर्वेक्षण करताना “आजी, काम कधी सोडलं?” असे विचारले की उत्तराऐवजी हसू येते. हातपाय चालेनात तेव्हा सुटते, हा तिथला निवृत्तीचा नियम.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगार म्हणून नाव घालायचे वय १६ ते ५९. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात १८ ते ६०. घरेलू कामगार मंडळातही १८ ते ६०; पंचावन्न पूर्ण झाले की नोंदीत असलेल्या बाईला १० हजार रुपये एकरकमी ‘सन्मानधन’, आणि साठीला नोंद बंद. खासगी सुरक्षा एजन्सीच्या कायद्यात (२००५) वयाची मर्यादा ६५. कागदावर हे सगळे समजूतदार वाटते, कारण प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : त्या वयानंतर माणूस काम करत नसेल. प्रत्यक्षात तो दुसऱ्या दिवशी त्याच गेटवर, त्याच नाक्यावर उभा असतो. मालकाची मात्र सोय होते. रजिस्टरला नाव नाही, म्हणून भविष्यनिर्वाह निधी नाही, पगार हातात आणि ठरल्यापेक्षा कमी. परातीवरून पडून पाय मोडला तर मंडळ म्हणते आमच्याकडे नोंद नाही, ठेकेदार म्हणतो हा आमचा माणूसच नव्हे. वयाच्या दाखल्याचा घोळ वेगळाच. शाळेचे तोंड न पाहिलेल्यांच्या आधारवर अंदाजाने लिहिलेली १ जानेवारी ही जन्मतारीख असते. ती चार-पाच वर्षे इकडेतिकडे असली की एका योजनेला माणूस म्हातारा ठरतो आणि दुसरीला तरुण.

बांधकाम मजुरांना २०२५ मध्ये राज्याने निवृत्तिवेतन जाहीर केले. दहा वर्षे नोंद असेल तर वर्षाला ६ हजार, पंधराला ९ हजार, वीस वर्षांना १२ हजार. स्वागत करू. पण राज्याचे या कायद्याखालचे नियमच २००७ चे आहेत, त्यामुळे पहिल्या दिवशी नोंदलेल्या मजुराचीही वीस वर्षे २०२७ आधी भरत नाहीत. शिवाय नूतनीकरण चुकले की खंड पडतो, आणि कामामागे जिल्हे फिरणाऱ्या मजुराचे ते चुकतेच. सगळे जुळून आले तरी हातात महिन्याला १ हजार.

मग उरते ती श्रावणबाळ योजना. वय ६५ पूर्ण, महिन्याला १५०० रुपये. जुलै २०२३ पूर्वी हजारच होते. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमधला दिल्लीचा वाटा ऐंशीच्या आतल्यांना २०० रुपये आहे, तो २००७ पासून तिथेच. आता श्रावणबाळची अट बघा. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे. अख्ख्या घराचे, दिवसाला ५८ रुपयांहून कमी. २०२४ मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाखांची आहे, पण ती योजना ६५ व्या वर्षी थांबते. म्हणजे ६४ वर्षांची बाई अडीच लाखांच्या आतली म्हणून गरीब, आणि वाढदिवस झाला की तिला २१ हजारांच्या आतली गरीब व्हावे लागते. पैसे दोन्हीकडे तेच, १५००. हे धोरण कुणी जाणूनबुजून असे आखले असेल असे वाटत नाही. दोन खात्यांनी एकमेकांकडे न बघता दोन जीआर काढले की असेच होते.

२१ हजारांत घर चालत नाही हे दाखला देणाऱ्यालाही ठाऊक असते. तरी दाखला निघतो, कारण न निघाला तर म्हातारी उपाशी राहील. मला यात सर्वांत जास्त खटकते ते पुढचे. दीड हजारात भागत नाही म्हणून तिला कामाला जावे लागते, आणि पेन्शन जाईल म्हणून ते काम लपवावे लागते. लपवलेल्या कामाची मजुरी थकली तर तक्रार कुठे करणार? कामगार कायदा तिला निवृत्त समजतो, पेन्शनचा नियम तिला बिनकामाची समजतो, आणि ती मधल्या मध्ये रोज सकाळी सहाला घराबाहेर पडते.

सफाईच्या कामाबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण तिथे आपल्यातच मतभेद आहेत. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार कायम सफाई कामगार निवृत्त झाला, स्वेच्छेने बाजूला झाला किंवा वारला, तर वारसाला नोकरी मिळते. फेब्रुवारी २०२३ मध्ये शासनाने याबाबतचे आदेश एकत्र करून नवा निर्णय काढला, त्यावर कोर्टकचेऱ्याही झाल्या. आपले तरुण कार्यकर्ते विचारतात, बाबासाहेबांनी घाणीची कामे सोडायला सांगितली आणि आपण बापाचा झाडू पोराच्या हातात देण्यासाठी मोर्चे काढायचे का? प्रश्न रास्त आहे. पण वस्तीतले म्हातारे याकडे जातीचा वारसा म्हणून बघत नाहीत. त्यांच्या लेखी ती नोकरी हेच पेन्शन आहे. पोराला पगार लागला तर आपल्याला दोन घास आणि औषध मिळेल, एवढा सरळ हिशेब. काही जण तर पन्नाशीतच स्वेच्छानिवृत्ती घेऊन जागा मोकळी करतात आणि स्वतः कुठेतरी वॉचमन होतात. झाडू सुटावा असे आपल्याला मनापासून वाटत असेल तर म्हाताऱ्याचे जेवण त्या झाडूला बांधलेले राहता कामा नये. तरुणांना उपदेश करून ही गाठ सुटणार नाही, स्वतंत्र आणि पुरेशी पेन्शन आली तरच सुटेल.

आणि ही सगळी चर्चा कायम कामगारांची. कंत्राटी कामगाराला वारसा हक्कही नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने २७०० कंत्राटी सफाई कामगारांसाठी लढा दिला, त्यात दलित, बौद्ध कामगार मोठ्या संख्येने होते. औद्योगिक न्यायाधिकरणाचा निकाल २०१४ चा, सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब एप्रिल २०१७ चे. कचरा उचलणाऱ्या शरीराच्या हिशेबात निकालानंतरचीही तीन वर्षे फार मोठी असतात.

जपानचे उदाहरण हल्ली वारंवार दिले जाते. तिथे पासष्टीपुढचे लोक सुमारे २९ टक्के आहेत, मालकांनी सत्तरीपर्यंत काम देण्याचा प्रयत्न करावा असे कायदा २०२१ पासून सांगतो आणि ‘सिल्व्हर’ केंद्रांमार्फत म्हाताऱ्यांना थोड्या तासांची हलकी कामे मिळतात. उदाहरण चांगलेच आहे. फक्त तिथे सर्वांसाठी पेन्शन १९६१ पासून आहे, हे सांगायचे राहून जाते. आधी पायाखाली जमीन, मग दोन तासांचे काम आवडीने.

आपल्याकडे आधार शोधायला जपानला जायची गरजही नाही. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आणि बेकारी, वार्धक्य, आजारपणातल्या सरकारी मदतीचा हक्क एकाच वाक्यात आहेत. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, राज्याच्या आर्थिक ऐपतीची मर्यादाही त्यात लिहिलेली आहे, हे मान्य. पण ज्यांनी मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखान्यातले आठवड्याचे तास ४८ वर आणले, त्यांच्या मसुद्यात काम आणि म्हातारपण शेजारी बसावेत हे अपघाताने झालेले नाही.

दुसरा आधार १९६९ चा माथाडी कायदा. हमालाला एक मालक नसतो, दिवसाला दहा असतात. त्यावर महाराष्ट्राने तोड काढली : माल उचलून घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याकडून मजुरीवर लेव्ही घ्यायची, ती मंडळात जमा करायची, त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा द्यायची. अंमलबजावणीत भानगडी आहेत, बनावट माथाडींचा सुळसुळाट आहे, तरी कल्पना आजही कामाची आहे. घरकामगार बाईचीही चार घरे असतात. सोसायटीकडून लेव्ही घ्यायला काय हरकत आहे? डॉ. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकारातल्या पेन्शन परिषदेची मागणी होती की प्रत्येक श्रमिकाला किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन मिळावी. आपल्या संघटनांच्या निवेदनांत ही मागणी का दिसत नाही, हे मला न उलगडलेले कोडे आहे. स्मारके, नामांतर, शिष्यवृत्ती, अत्याचार यांवर आपण रस्त्यावर येतो आणि यायलाच हवे. पण निवेदन द्यायला सोबत आलेली आजी दुपारी परत कामावर जाते, तिचा मुद्दा त्या कागदावर नसतो.

तोवर विहारांमधून करता येण्यासारखे काम बरेच आहे. वस्तीतल्या ५० ते ५९ वयाच्या प्रत्येक श्रमिकाची यादी करून साठीच्या आत ई-श्रम, बांधकाम मंडळ, घरेलू मंडळ यांत नोंद आणि नूतनीकरण करून घ्यावे, पावत्या जपून ठेवाव्यात. पंचावन्न झालेल्या घरकामगार बायांचे सन्मानधनाचे अर्ज भरावेत. आधारवरची जन्मतारीख चुकीची असेल तर दुरुस्ती आताच करावी, कारण ती साधारणपणे एकदाच करता येते आणि पुराव्यासाठी शाळेचा दाखला शोधायला गावी खेटे घालावे लागतात. चौसष्टीतल्या बायांची वेगळी यादी असावी, म्हणजे लाडकी बहीण थांबण्याआधी श्रावणबाळची कागदपत्रे तयार असतील. आणि नगरसेवक, आमदार मते मागायला आले की त्यांना २१ हजारांची अट कधी बदलणार, एवढेच विचारावे. उत्तर तारखेसकट मागावे.