उर्दूतला आइतवार

फोनची भाषा उर्दू करा आणि कॅलेंडर उघडा. रविवारपासून वार दिसतील ते असे: इतवार, पीर, मंगल, बुध, जुमेरात, जुमा, हफ्ता. आता गंमत बघा..

इतवार म्हणजे आदित्यवार. आमच्या वर्धेकडच्या खेड्यांतली जुनी माणसं म्हणतात तोच आइतवार! मंगल आणि बुध तर आपलेच ग्रह. पीर फारसी, मूळ अर्थ म्हातारा, त्यावरून संत. गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्याला जाणाऱ्या हिंदूंना हा शब्द शिकवावा लागत नाही. जुमा अरबी, लोकांनी एकत्र जमण्याचा दिवस. जुमेरात म्हणजे जुम्याची रात्र. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून गुरुवारची रात्र शुक्रवारच्या खात्यात जमा. आणि हफ्ता? फारसी 'हफ्त' म्हणजे सात, संस्कृत 'सप्त'चं सख्खं भावंड. आपण होमलोनचा हप्ता भरतो, तोही त्याच घरातला.

खरं तर फारसीत वारांची रांग तयार होती: शंबे, यकशंबे, दुशंबे.. म्हणजे शनिवार शून्य, रविवार एक, सोमवार दोन. प्रोग्रॅमरने खूष व्हावं असं इंडेक्सिंग! तरी रोजच्या उर्दूत इतवार, मंगल, बुधच राहिले. का? मला वाटतं, साधं कारण आहे. भाषा इथल्या लोकांची होती आणि इथला बाजार वारावर भरतो.

हे सगळं आत्ता का? कारण आपल्याच विदर्भात, अकोला जिल्ह्यातल्या पातूरला, नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू लिहिली म्हणून वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला. १५ एप्रिल २०२५ ला कोर्टाने पाटी राहू दिली आणि स्पष्ट सांगितलं की भाषा म्हणजे धर्म नव्हे. आणि ज्या वर्ध्यात १९४२ साली गांधीजींनी हिंदुस्तानी प्रचार सभा काढली, नागरी आणि उर्दू दोन्ही लिपी शिका असा आग्रह धरला, तिथेही आज 'उर्दू म्हणजे त्यांची' असं सर्रास ऐकू येतं.

मराठीचा अभिमान मलाही आहे. सरकारी पाटीवर मराठी हवीच, आणि तीही ठळक. पण खाली दुसरी ओळ आल्याने ती पुसली जात नाही. आणि उर्दू परकी म्हणून हाकलायचीच असेल, तर तिच्यातल्या आदित्य, मंगळ आणि बुधाचं काय करायचं, तेवढं आधी ठरवा.